ब्रेक नसलेल्या बाईकवरचं करिअर

स्पीडवेची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक रेसची, रील दिसली की आपल्याकडची पोरं 'काय डेअरिंग आहे यार' म्हणत ती पुढे ढकलतात. भांडुपला राहणारा माझा भाचाही त्यातलाच. डेअरिंग आहेच, नाही कोण म्हणतंय? पण त्या डेअरिंगचं बिल कोण भरतं, ते कुणी विचारत नाही.

खेळ तसा साधा. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या. मिनिटभरात खेळ खल्लास. ५०० सीसीचं, मिथेनॉलवर चालणारं इंजिन, गिअर एकच, आणि ब्रेक नाहीच. वळायचं डावीकडे, हँडल मात्र उजवीकडे. मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं, डावा पाय जमिनीला घासत न्यायचा. त्या बुटाखाली लोखंडी तळ बांधलेला असतो, नाहीतर बूट टिकणार कसा? पहिल्याला ३ पॉइंट, मग २, मग १, शेवटच्याला भोपळा.

आणि या पॉइंटवरच पोट. लीगमधल्या रायडरची बरीचशी कमाई पॉइंटमागे ठरलेली असते. बाईक त्याची, इंजिनची कामं त्याच्या खिशातून, मेकॅनिकही त्यानेच पोसायचा. म्हणून एकाच सीझनमध्ये पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, इंग्लंड, जमेल तिथे धावायचं. हाड मोडलं की मीटर बंद. आपल्या बिल्डिंगखाली पावसात, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून पुढच्या ऑर्डरची वाट बघणारा डिलिव्हरीवाला आहे ना, हिशोब त्याचाच. फक्त आकडे मोठे.

डार्सी वॉर्डचं नाव आपल्याकडे फार कुणी ऐकलेलं नसेल. ऑस्ट्रेलियाचा पोरगा. २००९ आणि २०१०, लागोपाठ दोन वर्षं २१ वर्षांखालचा वर्ल्ड चॅम्पियन. पहिल्यांदा जिंकला तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. हा पुढे मोठ्यांचंही जग जिंकणार, असं जो तो म्हणायचा. मध्ये दारूच्या टेस्टमध्ये सापडून बंदीही भोगली, म्हणजे साधुसंत नव्हताच. परत आला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये पोलंडमधल्या झिएलोना गुरा इथे मॅचच्या शेवटच्या हीटमध्ये, म्हणजे शेवटच्या शर्यतीत, पडला. मणक्याला मार बसला, पाय कायमचे गेले. वय २३. मग चाहत्यांनी त्याच्यासाठी पैसे गोळा केले. चाहते थोर, वादच नाही. पण इतक्या मोठ्या खेळातल्या पोराला वर्गणीचा आधार का लागावा?

'झ्मार्झलिक बघ की' असं भाचा लगेच म्हणतो. बघितला. पोलंडचा रायडर, २०१९ ते २०२४ मध्ये पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन. असे किती निघतात?

असल्या करिअरबद्दल ताईचं पालुपद एकच, आधी डिग्री घे. मला ते पटत नाही. सतराव्या वर्षी जग जिंकणाऱ्याला डिग्री काय कामाची? आईबापांनी विचारायचं ते टीमवाल्यांना: पोरगं पडलं तर हॉस्पिटलचं कोण बघणार, आणि घरी बसेल तितके महिने त्याच्या हातात काय पडणार? हे कागदावर येत असेल, तर खुशाल धावू दे.

भाचा म्हणतो, मामा, तू सगळ्याची मजा घालवतोस. घालवतो.