एक मणी कमी

काल रात्री आठ चाळीसला, ऐन जपमाळेत, बेल वाजली.

ऑक्टोबर हा आम्हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. म्हणजे रोज रात्री बोरिवलीतल्या साडेचारशे चौरस फुटांत चार माणसं गुडघ्यांवर, आणि त्यातली दोन पळायच्या बेतात. थोरला 'नमो मरिया' विरार फास्टच्या वेगानं म्हणतो, मधली स्टेशनं घेतच नाही. धाकटी मोजायच्या बहाण्यानं माळ चोखते. मी एक डोळा मिटून भक्ती करतो आणि दुसरा उघडा ठेवून बंदोबस्त. वसईला माझी आजी आम्हाला शहाबादी फरशीवर बसवायची आणि जांभई दिली की विणलेल्या पंख्याची दांडी पोटरीवर. माझी पोरं योगा मॅटवर बसतात, आणि टोचतंय म्हणतात!

दारात खालच्या मजल्यावरचे काका. आमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून गळतं, त्याबद्दल ते आठवड्यातून दोनदा येतात. आम्हाला गुडघ्यांवर बघून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. देवाचं आधी." चपला काढल्या, सोफ्यावर मांडी घातली, हात जोडले, डोळे मिटले. आणि काय सांगू, आमची पोरं ताठ झाली. थोरल्यानं सगळी स्टेशनं घेतली.

आमेन झालं तसे काकांनी डोळे उघडले. "बघू माळ." धाकटीनं ओली माळ त्यांच्या हातावर ठेवली. काका अंगठ्यानं एकेक मणी सरकवत गेले. आम्ही चौघं बघत.

"त्रेपन्न. आणि हे सहा वेगळे कसले?"

"ते 'आमच्या बापा' या प्रार्थनेचे."

"ते असू देत. पण एकशे आठाचे निम्मे किती? चोपन्न. तुमचा एक मणी पडलाय."

"नाही काका, आमच्यात त्रेपन्नच असतात."

"असं कसं? सोफ्याखाली बघा."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. चोखते, म्हटलं ना. क्षणभर मलाही वाटलं, गिळला की काय. ती तोवर सोफ्याखाली शिरली होती. तिथून एक मोजा आणि दोन रुपयांचं नाणं निघालं.

मग मी समजवायला बसलो. बायबलात स्तोत्रं दीडशे, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी तेवढे 'नमो मरिया' म्हणायचे. एका बैठकीत त्याचा तिसरा हिस्सा, पन्नास, आणि सुरुवातीचे तीन.

"म्हणजे हप्त्यानं फेडता!" काका खूश.

2002 साली पोपसाहेबांनी प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या आयुष्यातले आणखी पाच प्रसंग, सुचवली, प्रत्येकाला दहा 'नमो मरिया', तेव्हा दीडशेचे दोनशे झाले, हेही मी सांगून बसलो.

"महागाई," काका म्हणाले. थोरला इतका हसला की मॅटवरून गडगडला. एवढा हसून तो माझ्या एकाही गोष्टीला गडगडलेला नाही, आणि मी त्याला बापाचं घर सोडून गेलेल्या मुलाचा बायबलातला दाखला दर रविवारी आवाज बदलून सांगतो.

"प्रसाद नसतो तुमच्यात?" बायकोनं घाईनं डब्यातली नानकटाई दिली. ती खात काका दारापर्यंत गेले, गळतीचं अक्षर नाही, आणि चपला घालता घालता वळून म्हणाले, "मराठी मात्र छान बोलता हो तुम्ही. कुठं शिकलात?"

"घरी."

"नाही, म्हणजे तुमच्यात..." आणि लिफ्ट आली.

खरं उत्तर मला रात्री पावणेबाराला सुचलं. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सनं गोव्यात राहून अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं मराठी पुराण रचलं, ते 1616 साली छापलं गेलं. 'कुठं शिकलात' हे त्याला विचारलं असतं तर रास्त होतं. मी वसईचा, काका! माझी आजी शिव्याही मराठीतच द्यायची, आणि तुमच्यापेक्षा चांगल्या. पण हे सगळं छताकडे बघत म्हणण्यात काय अर्थ? दर डिसेंबरला हेच काका केक खाऊन हळूच 'ती तुमची घरची वाइन' मागतात आणि मी हसत ओततो. मागच्या महिन्यात थोरला शाळेतून आला तो विचारत, "पप्पा, आपण मराठी की ख्रिश्चन?" वर्गात कुणीतरी म्हणालं होतं, एकच काहीतरी सांग. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात याला धडा नाही. मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "तसं चालत नाही म्हणतात."

आज संध्याकाळी मेणबत्ती लावली तर दोघंही आपणहून मॅटवर हजर. मी भरून पावलो.

"ते आजोबा येणार ना?" धाकटी म्हणाली. "नाहीतर मी नाही बसणार."

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "महिना संपेपर्यंत प्लंबरला बोलावू नकोस हं."

मी तिथंच, गुडघ्यांवरूनच, प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, दिवाळीनंतर.