भांडी घासायची पाळी कोणाची?

ताई, सलाम.

तुम्ही लिहिलंत की नम्रतेच्या नावाखाली आपल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायका आणि मजूर घरंच भांडी घासतात, मास्तर आणि पंच माइकवर असतात. शिवाय नम्रता मनातून यावी, पाळीच्या यादीनं ती येत नाही. पहिलं म्हणणं पूर्ण खरं आहे. दुसरं पटत नाही.

जो जन्मभर वाकलेलाच आहे त्याला आणखी वाकायला लावणं हा ख्रिस्ताचा धडा नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, शिष्यांचे पाय धुतो तो गुरू, येशू. बायबलमधलंच 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 6 पाहा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा डावलल्या गेल्या, तेव्हा त्यांना कोणी 'सोसा' म्हटलं नाही. स्तेफन, फिलिप्प असे सात जण निवडले आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, वाटप त्यांच्याच माणसांकडे गेलेलं दिसतं. आपल्याकडेही कोठीची किल्ली त्या बायकांकडे द्या आणि राखेत हात पंचांनी घालावा.

पण यादी हवीच. मनावर सोडलं की दर वेळी तीच चार माणसं उठतात. 12 रविवारांच्या चिठ्ठ्या करा, पाळक आणि खजिनदाराचं नाव त्याच डब्यात. रविवार बदलता येईल, माणूस नाही. ही अट नसली की महिनाभरात साहेबांच्या जागी सून नाहीतर सालदार उभा राहतो. कापूस वेचणीत मात्र मजूर बायकांच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा. वेचणी किलोवर असते, दिवस गेला की मजुरी गेली.

100 पानांच्या प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाला, पोळ्या असतील तर 8 किलो तांदूळ, 4 किलो तूरडाळ पुरते. भांड्यांना चार जण आणि तीन टब: एक राखेचा किंवा साबणाचा, दोन स्वच्छ पाण्याचे. शेवटचं पाणी 30-40 ताटांनंतर बदला. नाही बदललं तर ताटं चिकट राहतात, मग 'राहू द्या, बायका करतील' म्हणत काम परत तिकडेच जातं. घासणाऱ्यांचं जेवण आधीच झाकून ठेवा. त्यांच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाची खरवड आली तर सेवेतून ते फक्त कुढायला शिकतील. माइकवरून आभार नकोत.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी येशूच्या आठवणीनं पाय धुतात, तेव्हा पाय धुवून घ्यायला बहुतेक ठिकाणी तेच बारा जण बसतात, घरून पाय धुऊन आलेले! तिथंही चिठ्ठी काढा. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्यांच्या टाचा भेगाळतात. पाणी कोमट घ्या, घासू नका, प्रत्येकाला वेगळा पंचा द्या. साखरेचा आजार असेल तर बोटांमधली जागा नीट कोरडी करा. फोटो नको. एखादी आजी पाय मागे घेईल. येशूचा शिष्य पेत्र, त्यानंही आधी नकारच दिला होता. ओढू नका, शेजारी बसून विचारा. जिनं आयुष्यभर वाढलं, तिला दुसऱ्याकडून करून घेणं फार जड जातं.

आणि चिठ्ठ्यांचा डबा उपासना संपायच्या आधी उघडा. नंतर उघडला तर अर्धी मंडळी फाटकाबाहेर गेलेली असते.