साडेसात वर्षांनी मोठी आई

वकिलाने चहा यायच्या आत फिर्याद दाखल केली. "रीमा लागूंचं हिंदीवाल्यांनी नुकसान केलं. 'मैंने प्यार किया' 1989च्या डिसेंबरात आला. बाई 31च्या, सलमान 24चा. साडेसात वर्षांनी मोठी आई असते का कुणाची?"

"'गुमराह'त श्रीदेवीची आई. अंतर पाच वर्षं," मास्तरांनी भर घातली. "आणि 'वास्तव'मधला लेक संजय दत्त. तेरा महिन्यांनी धाकटा."

"बघा! आणि ही बाई रंगभूमीवर 'पुरुष', 'सविता दामोदर परांजपे' करत होती. एकाच अंगात दोन बाया उभ्या करायच्या, तेही समोर प्रेक्षक बसलेला असताना. तिला तिकडे गाजर का हलवा!"

नाटकवालीला हे पटेना. "हलवा नीट बघितलास का? त्याआधीची पडद्यावरची आई म्हणजे विधवा, खोकला, शिलाई मशीन. रीमाताईंनी केलेल्या आईला नवरा जिवंत, घर भरलेलं, साडी चांगली. मग रडण्यावर भूमिका निघत नाही. मुलाचं गुपित आधी कळतं आणि बापाशी भांडण लागतं तेव्हा मधे उभं राहावं लागतं, एवढंच काम. संवाद कमी, ऐकणं जास्त. ऐकताना चेहरा कोरा राहिला की समोरच्याचा संवाद पडतो. वयाचं म्हणशील तर पांढरी बट लावून आई होत नाही. चाल जड करावी लागते, मान वळवायला अर्धा क्षण जास्त घ्यावा लागतो. हे सगळं नाटकातून आलेलं. हिची आई मंदाकिनी भडभडे नटीच, आणि ही लहानपणी बेबी नयन म्हणून कामं करायची."

"आणि दहाएक वर्षं युनियन बँकेत," बँकवाले काका. हा मुद्दा ते दर वेळी मांडतात. बँकेचा आणि अभिनयाचा संबंध काय, ते सांगत नाहीत.

"पण 'वास्तव' घ्या," मास्तर म्हणाले. "सोन्याची साखळी दाखवायचा तो पचास तोलावाला प्रसंग सगळ्यांना पाठ, पण तो सगळा संजय दत्तचा. शेवटी मुलाचे हाल बघवत नाहीत म्हणून आईच त्याच्यावर गोळी झाडते. तिथे बाई चुकल्या असत्या तर अख्खा सिनेमा पडला असता. ती काय सोय म्हणून ठेवलेली आई आहे?"

वकील जरा खाली आला, पण हटला नाही. "मग टीव्हीवर तरी काय? 'तू तू मैं मैं'. 1994. सासू 36ची, सून सुप्रिया 27ची."

"टीव्हीचं नाव काढू नकोस," नाटकवाली उसळली. "त्या मालिकांत हशा नंतर जोडायचे. नाटकात थिएटर हसतं आणि तू थांबतोस. इथे समोर कॅमेरा, कुणी हसत नाही, तरी किती थांबायचं ते आधीच मोजून ठेवायचं. कमी थांबलास तर हशा पुढचं वाक्य खातो, जास्त थांबलास तर प्रसंग बसतो. त्याच सुमारास 'श्रीमान श्रीमती'त त्याच बाई कोकिला, म्हणजे कोकी. दोन्हीकडे घरातलंच भांडण, पण ठेका वेगळा. सासूचा टोला लांबवून, कोकीचा झटक्यात."

वकिलाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "तरी शेवटपर्यंत आईच ना?"

"नाही," बँकवाले काका पहिल्यांदाच कामाचं बोलले. "'नामकरण' मालिकेचं शूटिंग चालू असताना, 18 मे 2017ला, 58व्या वर्षी गेल्या. त्यात त्या आजी होत्या. तीही दुष्ट."