साठी ओलांडलेल्यांना आणि मधुमेहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया झेपत नाही, हे खरे नाही

सेलूच्या माझ्या मावशीचे वय 68 आहे आणि तिचा मधुमेह जुना आहे. लग्नाच्या पंगतीत जेवून आले की तिच्या उजव्या बरगडीखाली कळ निघते, ती पाठीत खवाट्यापर्यंत जाते आणि तासन्‌तास हटत नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, परभणीच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि ती तारीख मावशीने व्हॉट्सॲपवरचा एक संदेश वाचून रद्द केली. "शुगर असल्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन झेपत नसतंय म्हणतेत, राहू दे आता," एवढेच तिने मला फोनवर सांगितले. त्यानंतर तोच संदेश मला नातेवाइकांच्या आणखी दोन गटांत सापडला, म्हणून हे लिहीत आहे.

संदेशातील दावे असे आहेत: ही पद्धत अजून प्रयोगावस्थेत आहे, पोटात भरलेला वायू कायमचा आत राहतो, पित्ताशय काढले की पित्त तयार होणे थांबते, साठीपुढच्यांनी, मधुमेहींनी व गरोदर स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया करूच नये, फार तर नळी घालून पित्त काढावे आणि गोळ्यांवर राहावे, आणि ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस रात्री घेतला की सकाळी खडे पडून जातात.

पहिले तीन दावे चटकन निकालात निघतात. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केली आणि 1990 मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. वायू असतो तो कार्बन डायऑक्साइड. शस्त्रक्रियेच्या शेवटी तो बाहेर सोडतात आणि उरलासुरला रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो. एकदोन दिवस खांदा दुखतो, तो या वायूमुळे श्वासपटल चुरचुरते म्हणून. पित्त तयार करते यकृत, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय त्यातले 30 ते 50 मिलिलिटर फक्त साठवून ठेवते. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरते. काहींना त्यानंतर काही काळ पातळ शौचाचा त्रास होतो हे मान्य आहे, पण त्यावरून "आयुष्यभर तेल-तूप बंद" असे ठरवणे चूक आहे.

खरा घात चौथ्या दाव्यात आहे, कारण ज्यांना पित्ताशयाच्या संसर्गाचा धोका सर्वांत जास्त, त्यांनाच तो उपचारापासून लांब ठेवतो. मधुमेहात पित्ताशयाला सूज आली तर ते आतून सडण्याची शक्यता अधिक असते आणि दुखणे मात्र कधी कधी इतके सौम्य असते की रुग्ण उशिरा पोहोचतो. म्हणजे साखर जास्त आहे हे शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण ठरत नाही. आधी साखर आटोक्यात आणून वेळेवर शस्त्रक्रिया करण्याचे ते कारण आहे. वयस्कर माणसाचेही तसेच. पोटावर वीतभर चीर असली की दुखण्यामुळे खोल श्वास घेववत नाही, खोकला दाबला जातो, छातीत कफ साठतो आणि माणूस खाटेला खिळतो. दुर्बिणीत सहसा चार छिद्रे असतात, बेंबीजवळचे सुमारे एक सेंटिमीटरचे आणि काही त्याहून लहान, आणि रुग्णाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. लहान छिद्रांचा फायदा तरुणांपेक्षा म्हाताऱ्या माणसाला अधिक होतो.

"नळी घाला आणि गोळ्यांवर राहा" हा पर्याय तर प्रत्यक्ष तपासला गेलेला आहे. नेदरलँड्समधील 11 रुग्णालयांत, पित्ताशयाला तीव्र सूज असलेल्या आणि शस्त्रक्रियेसाठी जोखमीच्या समजल्या गेलेल्या 142 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली गेली: एका गटाचे पित्ताशय दुर्बिणीने काढले, दुसऱ्याच्या पित्ताशयात त्वचेतून नळी घातली. निष्कर्ष 2018 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. गंभीर गुंतागुंत शस्त्रक्रियेच्या गटात 12 टक्के, नळीच्या गटात 65 टक्के. पित्ताचा त्रास पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 5 टक्के विरुद्ध 53 टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही, पण बाकीची तफावत एवढी होती की अभ्यास नियोजित संख्येआधीच थांबवावा लागला. अगदी अत्यवस्थ रुग्ण त्यात घेतलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी नळीचा पर्याय आजही राहतो. सेलूहून बसने परभणीला स्वतःच्या पायांनी जाऊन येणारी मावशी त्या वर्गात बसत नाही.

गरोदरपणाबद्दल थोडक्यात: वारंवार कळा येत असतील किंवा स्वादुपिंडाला सूज आली असेल तर बाळंतपणापर्यंत थांबणे आई व बाळ दोघांनाही महागात पडू शकते. शल्यचिकित्सकांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ही शस्त्रक्रिया कोणत्याही तिमाहीत करता येते असे सांगतात. दुसरी तिमाही सोयीची मानली जाते. यकृत पूर्ण निकामी होत आलेल्या किंवा हृदय फारच कमकुवत असलेल्या रुग्णांत मात्र खरोखर हात आखडता घ्यावा लागतो. तो निर्णय भूलतज्ज्ञ तपासण्या पाहून घेतात. जन्मतारीख पाहून नव्हे.

तेल-लिंबाबद्दल माझा संयम सुटतो. शौचातून पडणारे हिरवट मऊ गोळे न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी तपासून 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की त्यांत खड्यांचे घटक नव्हतेच. तो तेलापासून पोटातच बनलेला साबण होता. खडा जागीच राहतो. उलट एवढे तेल एकदम प्यायले की पित्ताशय जोराने आकुंचन पावते आणि एखादा बारीक खडा सरकून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज होऊ शकते.

संदेशातील "डॉक्टर उगाच ऑपरेशन सांगतात" या ओळीत अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. काहीच त्रास नसताना, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले, तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, मधुमेह असला तरी. शिवाय पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका दुर्बिणीत उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा किंचित जास्त नोंदला गेला आहे, साधारण हजारात तीन ते सहा. म्हणून तारीख ठरवताना डॉक्टरांना दोन गोष्टी सरळ विचाराव्यात: ते ही शस्त्रक्रिया नियमित करतात का, आणि आत रचना स्पष्ट दिसली नाही तर चीर देऊन शस्त्रक्रिया पूर्ण करण्याची त्यांची तयारी आहे का.