टोपी घालून घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आधी टेलिग्रामवरचा क्रिप्टो नाण्यांचा असा ग्रुप गाठा, जिथे फक्त अ‍ॅडमिनलाच बोलता येतं. 'रात्री ९ ला नाणं जाहीर होणार' अशी उलटी मोजणी सुरू झाली की बँकेतले पैसे वॉलेटमध्ये आणून ठेवा. अ‍ॅडमिनने तेच नाणं आठवडाभर थोडं थोडं करून स्वस्तात उचललेलं असतं आणि फी भरलेल्या व्हीआयपींना नाव तुमच्याआधी कळलेलं असतं. त्यांचा माल घ्यायला ९ वाजता कुणीतरी हवंच ना! नाव दिसताच मार्केट ऑर्डर टाका, म्हणजे मिळेल त्या भावाने घ्या. लिमिट ऑर्डर लावून भाव बांधून घेणं हे भित्र्यांचं काम.

मार्केट कॅप, म्हणजे भाव गुणिले एकूण टोकन (नाणी), वाचून भारावून जायची सवय लावा. समजा, एकूण १०० कोटी टोकन आहेत. खरेदी-विक्री होते तो साठा, म्हणजे पूल, त्यातले ५ लाख टोकन आणि २० लाख रुपये एवढाच; या दोन आकड्यांचा गुणाकार कायम राहील असा भाव तो ठरवतो. भाव ४ रुपये, म्हणून मार्केट कॅप ४०० कोटी! तिजोरीत मात्र तेच २० लाख. नाणं काढणाऱ्याने आपल्याकडचे ४५ लाख टोकन पुलात ओतले की तो १८ लाख घेऊन बाहेर पडतो आणि भाव ४ पैशांवर येतो. हा गुणाकार कागदावर करून बघायचा मोह टाळा. पूल लॉक आहे का (म्हणजे काढणाऱ्याला तो उचलून नेता येणार नाही ना), किती दिवसांसाठी, पहिल्या दहा वॉलेटांकडे किती माल आहे, नवे टोकन छापायचा अधिकार कुणाच्या हातात आहे, हे ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे नाण्याचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, फुकट दिसतं. फुकटच्या वस्तूला काय किंमत!

उलाढाल प्रचंड दिसली तर डोळे मिटून घ्या. एकाच माणसाची दोन वॉलेटं दिवसभर एकमेकांना तोच माल विकत असली तरी आकडा वाढतोच.

आणि मोठी रक्कम टाकण्याआधी शंभर रुपयांचा माल घेऊन विकून पाहू नका. विक्रीच बंद असल्याचं उगाच लक्षात येईल. २०२१ मध्ये एका कोरियन मालिकेचं नाव उसनं घेतलेल्या स्क्विड नाण्याचा आलेख झकास चढत होता. घेणाऱ्यांना विकताच येत नव्हतं, तर उतरणार कसा? १ नोव्हेंबरला भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत एका सेंटच्याही खाली आला. नाण्याची योजना सांगणाऱ्या श्वेतपत्रिकेत स्पेलिंगच्या चुका होत्या म्हणे. श्वेतपत्रिका वाचतं कोण?

सरकारचाही विचार ठेवा. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे दहा नाण्यांत बुडून एकात कमावलंत, तरी त्या एकावर कर पूर्ण.

बुडाल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करू नका. पैसे गेले ते खातं वेळेत गोठवलं गेलं तर काय घ्या! चार दिवस लाजेने गप्प बसा. तोवर 'बुडालेले पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा कुणीतरी स्वतःहून मेसेज करेलच. तुमचा नंबर त्याला कुठून मिळाला, हे विचारणं असभ्यपणाचं दिसेल. त्याची फी आगाऊ असते, आणि ती क्रिप्टोतच भरायची असते.