साडी ऱ्हाऊ द्या, दांडी बसवा

परवा पुन्हा तो व्हिडिओ आला. आई पोराला पाठुंगळी घेऊन चिखलातून शाळेला निघालीय, मागं बासरी वाजतेय, वर "मातृशक्तीला सलाम" आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर चार जणांनी टाकला. चारपाच वर्षांपूर्वी मीही टाकला असता. आता तो बघितला की एवढंच मनात येतं, त्या माउलीची कंबर एक दिवस धरणार आणि त्या दिवसापासून पोराची शाळा बंद.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. आमच्याकडे एक मुलगा होता, सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हातापायांवर नीट ताबा नाही. नाव लिहीत नाही, गाव छोटं आहे. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, डावा हात आखडलेला, बोलणं सावकाश. पण पाढे असे पक्के की मी अडखळलो की हा खुदकन हसायचा.

त्याची माय सकाळी त्याला कडेवर घेऊन यायची आणि शाळा सुटेपर्यंत आवारातल्या लिंबाखाली बसून राहायची. मला वाटायचं, काय जीव आहे बाईचा लेकरावर! दुसरीत असताना, मार्चच्या उन्हात, मधल्या सुट्टीत सगळी पोरं टाकीवर तुटून पडलेली आणि हा तसाच बसलेला. मी बाटली पुढं केली.

"नको सर. पाणी पिलं की मुतायला येतं."

घरून निघताना अर्धा कप चहा, बास. शाळा सुटेपर्यंत घोट नाही. सात वर्षांच्या लेकरानं आपल्या आपण हा हिशोब बसवला होता, कारण त्याला लागली की मायला त्याला उचलून शाळेमागं आडोशाला न्यावं लागायचं. लिंबाखाली ती बसायची ती यासाठी. मी दीड वर्ष ते प्रेम म्हणून बघत होतो.

आता या बसण्याची किंमत सांगतो, म्हणजे आमच्या भागाबाहेरच्यांना कळेल. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्यावर जातं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. बायको मागं राहिली की नवऱ्याचा अर्धा कोयता. धडधाकट पोरं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. याला उचलणं आजीच्या हाडात नव्हतं आणि वसतिगृहात उचलणार कोण? म्हणून माय गावात. म्हणजे त्या घरानं पोराच्या शिक्षणाची फी भरली ती अर्धा कोयता, दर हंगामाला. आणि आपण म्हणतो शिक्षण मोफत.

मग आला 15 ऑगस्ट. आम्ही 'आदर्श माता' म्हणून तिचा सत्कार ठरवला. कल्पना माझीच. साडी, नारळ, फोटो. साडी हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "सर, साडी ऱ्हाऊ द्या. त्या संडासात ह्याला धराया एक दांडी बसवा, तेवढं बगा."

गंमत अशी की आमच्या शाळेत दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह होतं! कुलूप लावलेलं. आत मोडके बाक आणि तांदळाची रिकामी पोती. दरवर्षी यू-डायसच्या, म्हणजे शाळेची माहिती सरकारला कळवायच्या फॉर्ममध्ये रॅम्प आहे का, होय. स्वच्छतागृह आहे का, होय. ते 'होय' मी स्वतःच्या हातानं भरत होतो, त्यामुळं दुसऱ्या कुणावर बोट ठेवायला मी मोकळा नाही. रॅम्पचं तर विचारूच नका. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमचा व्हरांडा अडीच फूट उंच, म्हणजे तीस फूट रॅम्प पाहिजे. ठेकेदारानं आठ फुटांत उरकला. पोरं त्यावर घसरगुंडी खेळतात. व्हीलचेअर त्यावरून वर न्यायला दोन माणसं लागतात आणि खाली आणायला देव.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी पोती काढली. हार्डवेअरवरून दीड इंची जीआय पाइप आणला, गावातल्या वेल्डरनं वाकवून दिला, गवंड्यानं भिंत फोडून पक्का बसवला. गवंड्याच्या मजुरीसकट दोन हजाराच्या आत काम झालं. तरी पहिल्यांदा चुकलोच. दांडी बसवली मोठ्या माणसाच्या मापानं. त्याचा हात पोचेना. मग त्याला बसवून, त्याचा कोपर बघून, खडूनं खूण करून पुन्हा बसवली. आधी त्यालाच विचारायला हवं होतं, एवढं साधं सुचलं नाही. भारतीय भांड्यावर मधे भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. वर्गातल्या दोन पोरांनी त्याला दारापर्यंत धरून न्यायचं शिकून घेतलं, पुढचं तो स्वतः.

पंधरा दिवसांनी तो टाकीवर रांगेत उभा होता. उभा म्हणजे भिंतीला टेकून, पण रांगेत. महिन्याभरात माय खुरपणीला जायला लागली. त्या हंगामात तिला कारखान्यावर जाता आलं नाहीच, रात्रीचं कोण बघणार? शाळेला सोडवता येतं तेवढंच सुटलं.

काही जण म्हणतील, कायदा आहे की. आहे ना. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, जुन्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते ते 21 केले. 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, इमारत आणि सगळ्या सोयी त्या मुलाला वापरता येतील अशा, सगळं लिहिलंय. पण मोफत शिक्षण काय किंवा बाकी सवलती काय, बहुतेकांना किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, एक दिवस नंबर लागत नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर रजेवर. दर खेपेला मायची मजुरी बुडते आणि पोर मांडीवर. एसटीत सवलत आहे, पण ती मिळायलाही आधी दिव्यांगत्वाचं कार्डच पाहिजे! आमच्या याचं प्रमाणपत्र चौथ्या खेपेला झालं.

विशेष शिक्षकांबद्दल मात्र वाकडं बोलणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलं, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक आणि माध्यमिकला 15 मागं एक. आमच्याकडं येणारे सर कितीतरी शाळा सांभाळतात, मोटारसायकलवर, आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. महिन्यातून एकदा आले तरी आम्ही खूश. त्यांनीच मला शिकवलं की याला पेन्सिलीला कापड गुंडाळून द्या, पकड येते. दोन मिनिटांचं काम, पण माझ्या डी.एड.मध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

आणि ते नेहमीचं, "अशा मुलांनी विशेष शाळेत जावं, तिथं सोयी असतात." कर्णबधिर मुलांच्या बाबतीत मी यावर थांबून विचार करतो. खुणांची भाषा बोलणारी चार पोरं भोवती असणं ही फार मोठी गोष्ट आहे, खुणा न समजणाऱ्या वर्गात एकट्यानं बसण्यापेक्षा बरी. पण याला काय हवं होतं? एक दांडी. त्यासाठी सात वर्षांच्या लेकराला जिल्ह्याच्या वसतिगृहात पाठवायचं?

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्याकडं दरवर्षी थोडेथोडे पैसे वाटतात आणि फोटो काढतात. एकदा ग्रामसभेत मी म्हटलं, यंदा शाळेचा रॅम्प लांबवा. सरपंच म्हणाले, "सर, एका पोरासाठी?" रॅम्प अजून आठ फुटांचाच आहे.

यंदा तो सहावीला शेजारच्या गावातल्या शाळेत गेला. गेल्या आठवड्यात मायचा फोन आला, "सर, पोरगं पुन्हा पाणी पीना झालंय." तिथल्या मुख्याध्यापकांना फोन लावला. म्हणाले, आहे ना, दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे आमच्याकडं. मी विचारलं, किल्ली कुणाकडं असते? जरा वेळ थांबले, मग म्हणाले, बघून सांगतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी गवंड्याला घेऊन तिकडं जाणार आहे. तालुक्यात कुणाकडं दीड इंची जीआय पाइपचा चारपाच फुटांचा तुकडा पडून असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, येऊन घेऊन जाईन.