घर स्मार्ट करा, कडी कशाला लावताय

सगळ्यात आधी कॅमेरा घ्या. सेलमध्ये सगळ्यात स्वस्त असेल तो. बसवायला आलेला पोरगा स्टुलावर चढून दहा मिनिटात काम उरकतो आणि विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू?" तुम्ही म्हणायचं, "ठेव रे तुला आठवेल तो." मग तो अ‍ॅडमिन१२३ ठेवतो, जो त्याने अख्ख्या सोसायटीत ठेवलाय, आणि वर डीव्हीआरच्या (म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या) डब्यावर मार्करने लिहून पण जातो. सेवा म्हणतात ती हीच.

पुढे तो बदलायच्या भानगडीत पडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक मालवेअर, म्हणजे घातकी सॉफ्टवेअर, आला, त्याने काही फार डोकं लावलं नाही, कंपनीतून जसेच्या तसे आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून बघितले आणि लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला ही फौज वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) नावाच्या कंपनीवर सोडली तर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास आडवे. आपला पार्किंगमधला कॅमेरा एवढ्या मोठ्या कामी येत असेल तर का नाही म्हणा?

कॅमेरा हॉलमध्ये, सोफ्यासमोरच लावा हं. खिडकीला पडदा आहेच ना, समोरच्या काकू बघतात म्हणून? तो राहू द्या. २०२४ च्या फेब्रुवारीत वाइझ या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना स्वतःच्या अ‍ॅपमध्ये भलत्याच घरांचे फोटो दिसले, त्यातल्या १,५०४ जणांनी टॅप करून पाहिलं पण. काकू निदान दुसऱ्या दिवशी "काल पाहुणे आले होते वाटतं" असं विचारतात तरी.

आता झाडू मारायचा रोबो. २०२० मध्ये टेस्टिंगसाठी घरोघरी दिलेल्या रुंबाने टॉयलेटवर बसलेल्या बाईचा फोटो काढला, आणि तो फोटो कुठे, तर फोटोत काय दिसतं त्याची लेबलं लावणाऱ्या व्हेनेझुएलातल्या कामगारांच्या ऑनलाइन ग्रुपवर! (टेस्टिंगला होकार दिला होता म्हणे लोकांनी. आपण पण देतोच की, खाली स्क्रोल करून, 'अ‍ॅग्री'.) २०२४ मध्ये तर अमेरिकेत काही इकोव्हॅक्स रोबो हॅक झाले आणि मालकांनाच शिव्या घालत घरभर फिरले. आमच्या मावशी बाथरूमच्या दाराशी आल्या की आधी खाकरतात, पण त्यांना अपडेट येत नाही ना, म्हणून त्या जुन्या पद्धतीच्या.

आणि वायफायचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला असू द्या. मोठ्या अक्षरात, कॅमेऱ्याला नीट वाचता येईल असा.